‘अजून ठरलं नाही’ म्हणणाऱ्या मुलांच्या बाजूने

मे महिन्याच्या शेवटी आमच्या तालुक्याच्या गावात ‘दहावी-बारावीनंतर काय?’ या विषयावर मार्गदर्शन मेळावा झाला. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. मुलं, आईवडील, आणि दोन्ही बाजूंना क्लासवाल्यांची टेबलं. वक्ते शहरातून आले होते आणि बोलत छान होते. पाच मिनिटांत त्यांनी सभा ताब्यात घेतली. मग म्हणाले, ‘ज्यांचं ठरलंय त्यांनी हात वर करा.’ तीस-चाळीस हात वर गेले, टाळ्या पडल्या. ‘आता ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनी उभं राहा.’ कुणी उठेना. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. माझ्याच वर्गातली. शेजारी बसलेल्या आईने ओढणी धरून तिला खाली बसवायला पाहिलं, तरी ती उभी राहिली. वक्ते तिच्याकडे हात करून म्हणाले, ‘सतराव्या वर्षी जिला कुठे जायचं ते माहीत नाही, ती कुठेच पोहोचणार नाही.’ लोक हसले. ती बसली आणि पुढचा तासभर तिने मान वर केली नाही.

हा लेख त्या वाक्याला उत्तर आहे. वक्त्यांचं नाव घेत नाही, कारण हे म्हणणं त्यांच्या एकट्याचं नाही. लग्नाच्या पंगतीत भेटणारा प्रत्येक काका हेच म्हणतो, क्लासच्या फलकावर हेच रंगवलेलं असतं, आणि मीसुद्धा हेच म्हणत आले आहे. बावीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. त्यातली पहिली दहाएक वर्षं अकरावीच्या पहिल्या तासाला मी प्रत्येकाला उभं करून ‘काय व्हायचंय?’ विचारायची आणि ‘माहीत नाही मॅडम’ म्हणणाऱ्याला ‘मग इथे कशाला आलास?’ असं सुनवायची. त्या मुलांपैकी काही आज भेटतात तेव्हा मला त्यांच्या नजरेला नजर देणं जड जातं. म्हणून हे लिहायचं ते पुरतं आणि नीट लिहायचं ठरवलं.

वक्त्यांनी उदाहरण दिलं सचिन तेंडुलकरचं. सोळाव्या वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तो पाकिस्तानात कसोटी खेळत होता. त्याचं ध्येय आधीच ठरलं होतं म्हणून तो तिथे पोहोचला. उदाहरण खरं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. सचिनने बॅट न धरता क्रिकेट ‘ठरवलं’ नव्हतं. शिवाजी पार्कच्या मातीत सकाळ-संध्याकाळ वर्षानुवर्षं खेळून झाल्यावर, खेळ म्हणजे काय हे अंगाला कळल्यावर त्याचं ठरलं होतं. आमच्या दहावीच्या मुलाने आयुष्यात काय खेळून पाहिलेलं असतं? तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र, आणि भूगोलात भारत नि ब्राझील. संख्याशास्त्राचा एखादा धडा गणितात येऊन जातो. मानसशास्त्र, भूशास्त्र, कायदा, मानवशास्त्र, भाषाविज्ञान, डिझाइन ही नावंसुद्धा त्याच्या कानावर पडलेली नसतात. अर्थशास्त्र म्हणजे त्याला बँक वाटते. ज्याने ताट पाहिलेलं नाही त्याला ‘काय वाढू?’ विचारायचं आणि तो गप्प राहिला की त्याला भूकच नाही असं जाहीर करायचं, हे आपण करतो आहोत.

आणि वरती हात करणाऱ्या त्या तीस-चाळीस मुलांचं काय ठरलेलं असतं? मी दरवर्षी खोदून विचारते. ‘कॉम्प्युटर.’ कॉम्प्युटरमध्ये काय आवडतं? ‘स्कोप आहे.’ डॉक्टर. डॉक्टर दिवसभर काय करतो? ‘पेशंट तपासतो.’ यांतल्या बहुतेकांनी घरच्यांचं ठरलेलं पाठ केलेलं असतं. त्याला ध्येय म्हणून टाळ्या मिळतात, आणि जिने खरं काय ते सांगितलं तिला हसू मिळतं. मला सर्वांत जास्त राग याचा येतो. आपण मुलांना अशी शिकवण देतो की माहीत नसलं तरी माहीत असल्यासारखं बोला. प्रयोगशाळेत हीच सवय घेऊन ती येतात. ब्युरेटचं रीडिंग घेण्याआधी शेजाऱ्याच्या वहीत बघतात.

ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यांनी तरी सगळं आधी ठरवून केलं होतं का? इरावती कर्वे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली बी. ए. झाल्या. मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, आणि तिथून बर्लिनला मानवशास्त्राची पीएच. डी. पदवीला बसताना ‘मानवशास्त्रज्ञ’ असं उत्तर त्या देऊ शकल्या असत्या असं मला वाटत नाही. तो विषय त्यांना वाटेत भेटला. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितावरच काम केलं, आणि जुन्या नाण्यांची वजनं करता करता इतिहासाकडे वळले. प्राचीन भारताच्या इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९५६ चं, म्हणजे वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरचं. मोठ्या माणसांच्या चरित्रातून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. सचिनच्याही काढता येत नाही, एवढंच दाखवायचं होतं.

आता दुसरा मुद्दा, आणि तो जास्त वजनदार आहे. ‘ठरत नसेल तर सायन्स घे. सायन्सवरून कुठेही जाता येतं, उलटं येता येत नाही. सगळी दारं उघडी राहतात.’ कागदावर हे बरंचसं खरं आहे. बारावी सायन्सचा मुलगा कॉमर्सला, आर्ट्सला जाऊ शकतो. आर्ट्सचा मुलगा मेडिकलला जाऊ शकत नाही. पण दार उघडं राहतं म्हणजे काय होतं ते माझ्या वर्गात येऊन बघा. पहाटे साडेपाचला क्लासची पहिली बॅच. अकरापर्यंत फिजिक्स-मॅथ्स. मग डबा. मग टेस्ट सिरीज. संध्याकाळी पुन्हा बायो. रात्री ‘डाऊट सेशन’. शहरांतून, आणि आता तालुक्यांतूनही, ज्याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात त्या प्रकारात मुलाचं नाव एका कॉलेजच्या हजेरीपटावर असतं आणि मुलगा दोन वर्षं क्लासमध्ये असतो. आमच्या प्रयोगशाळेत तो जानेवारीत, प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता उगवतो. टेस्ट ट्यूब कशी धरायची हे त्याला त्या दिवशी सांगावं लागतं. ज्याच्या दिवसात अर्धा तास मोकळा नाही, तो त्या उघड्या दारांतून डोकावणार कधी?

दोन वर्षांनी नीटचे मार्क येतात, सीईटीचं पर्सेंटाइल येतं, आणि ‘दारं उघडी ठेवून’ बसलेला मुलगा त्या मार्कांत जे बसेल त्या दारातून आत ढकलला जातो. न ठरलेल्या मुलाला सायन्समध्ये घालून आपण त्याचा प्रश्न सोडवत नाही. दोन वर्षं पुढे ढकलतो आणि मधल्या काळात त्याने विचार करायचीही सोय ठेवत नाही. जे सायन्स आवडीने घेतात त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं पोट त्याच विषयावर आहे. पण ‘काही सुचत नाही म्हणून’ हे कारण पुरेसं नाही. आणि उलटं येता येत नाही हेही जितकं सांगितलं जातं तितकं खरं नाही. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, बीबीए यांना शाखेची अट नाही. हे मेळाव्यात कुणी सांगत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘मग कल चाचणी करून घ्या.’ सरकारनेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, कला व मानव्यविद्या, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती. हेतू चांगला होता. खासगी समुपदेशक हेच काम हजारो रुपये घेऊन करतात आणि रंगीत आलेखांचा जाड अहवाल देतात. या चाचण्या निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण चाचणी मुलाला काय विचारते? ‘तुला यंत्र उघडून बघायला आवडेल का?’ ज्या घरात सायकल नि मिक्सरपलीकडे यंत्र नाही, आणि मिक्सर उघडला तर मार बसतो, त्या घरातली मुलगी काय लिहील? चाचणी तिच्या आजवरच्या अनुभवाचं मोजमाप करते. अनुभवच तोकडा असेल तर अहवाल कितीही जाड असला तरी तोकडाच राहणार. मुलाला आधी दहा गोष्टी दाखवा, हाताळू द्या, आणि मग चाचणी घ्या. तेव्हा तिचा उपयोग होईल.

‘स्कोप’ या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे त्यावर थोडं थांबते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत सगळ्यात मोठा स्कोप डी. एड. ला होता. बारावीला ऐंशी टक्के मिळवलेल्या हुशार मुली डॉक्टरकीचा विचार बाजूला ठेवून डी. एड. ला गेल्या, कारण दोन वर्षांत जिल्हा परिषदेची शाळा, पक्की नोकरी, आणि लग्नाच्या बाजारात किंमत. गावोगाव डी. एड. कॉलेजं निघाली. मी स्वतः मुलींना ‘जा’ म्हणून सांगितलं. मग २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली, २०१३ पासून टीईटी ही पात्रता परीक्षा आली, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. कॉलेजं एकामागून एक बंद पडली. मी पाठवलेल्या मुलींपैकी एक आज आमच्याच गावात झेरॉक्सचं दुकान चालवते. चांगलं चालवते, पण तिला शिकवायला आवडायचं की नाही हे तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. आज कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स यांच्या कटऑफकडे बघून जे बोललं जातं तो सूर अगदी तोच आहे. चार वर्षांनी कोणत्या कामाला मागणी असेल हे त्या दिवशी व्यासपीठावर कुणालाच माहीत नव्हतं. बोलत मात्र सगळे माहीत असल्यासारखे होते.

आता जरा मागे जाऊन बघू. आपल्याकडे लवकर ठरवण्याची परंपरा होती, असा एक समज आहे. माझी स्वतःचीच बी. एस्सी. बघा. एफ. वाय. ला चार विषय: फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. एस. वाय. ला एक सोडायचा, तीन ठेवायचे. टी. वाय. ला एक, त्याला म्हणायचं ‘स्पेशल’. ‘तुझं स्पेशल कशात?’ हा प्रश्न विसाव्या वर्षी विचारला जायचा. मी झूलॉजी स्पेशल करायचं म्हणून कॉलेजात गेले होते. पहिल्या वर्षी बेडूक, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल्स. पांढऱ्या पावडरीतून एकेक कसोटी लावत पदार्थ ओळखायचा, आणि शेवटी मेल्टिंग पॉइंट जुळला की छातीत जे व्हायचं, त्याने माझं झूलॉजी सुटलं. हे घरी बसून मला कधीच कळलं नसतं. माझ्या पिढीतल्या हजारो पदवीधरांनी आपला विषय असाच, शिकता शिकता निवडला, आणि कुणी आम्हाला भरकटलेले म्हटलं नाही.

ती रचना काही वेडेपणाची नव्हती. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या पदवीधरांची तुलना केली आहे. इंग्लंडमध्ये मुलं अर्ज करतानाच एक विषय धरतात. स्कॉटलंडमध्ये पहिली दोन वर्षं अनेक विषय शिकून मग एक धरतात. पुढे नोकरीत शिरल्यावर आपल्या शिक्षणाशी संबंध नसलेल्या क्षेत्रात जाणाऱ्यांचं प्रमाण इंग्लंडमध्ये जास्त निघालं. लवकर ठरवणारे लवकर पोहोचले असतील, पण बरेच जण चुकीच्या ठिकाणी पोहोचले आणि शिकलेलं तिथेच टाकून पुढे गेले. अमेरिकेत, जिथे आपल्याकडची कितीतरी मुलं जातात, सरकारी शिक्षण-सांख्यिकी केंद्राने २०११-१२ मध्ये कॉलेजात शिरलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. तीन वर्षांत साधारण तीस टक्क्यांनी आपला मेजर, म्हणजे मुख्य विषय, निदान एकदा बदलला होता. गणित घेऊन शिरलेल्यांत हा आकडा बावन्न टक्के होता. या अर्ध्या वर्गाला वक्ते काय म्हणतील?

आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आणले. स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४ पासून हे सुरू झालं. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मेजर दुसऱ्या वर्षी ठरवायची मुभा आहे. अंमलबजावणीत गोंधळ आहेत, शिक्षक कमी आहेत, इलेक्टिव्हच्या नावाखाली जे उपलब्ध ते गळ्यात मारलं जातं, हे मी रोज ऐकते. तरी त्यामागचा विचार जुन्या ‘स्पेशल’चाच आहे: आधी चाखू द्या, मग ठरवू द्या. एकीकडे धोरण मुलाला दुसऱ्या वर्षापर्यंत वेळ देतं आणि दुसरीकडे मंगल कार्यालयात त्याला अकरावीच्या आधीच दोषी ठरवलं जातं.

इथे एक बाप उभा राहतो, आणि त्याचं म्हणणं मला सगळ्यात गांभीर्याने घ्यावं लागतं. तो म्हणतो, ‘मॅडम, हे बघणं-चाखणं पैसेवाल्यांचं. आम्हाला दुसरा डाव नाही. पोराने एकदा ठरवायचं, शिकायचं आणि कमवायला लागायचं.’ असं म्हणणारे बाप मला दरवर्षी भेटतात. कुणी टेम्पो चालवतो, कुणी दोन एकरांवर ऊस काढतो. त्यांना मी ‘मुलाची आवड जपा’ असं गोड बोलून परत पाठवू शकत नाही.

पण मी त्यांना एका मुलाची गोष्ट सांगते. दहावीला ब्याण्णव टक्के, बारावीला पंचाहत्तर. सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत होतं, घेतलं. त्याला कोडिंग म्हणजे काय हे पहिल्या सेमिस्टरला कळलं. पहिल्या वर्षी तीन विषय राहिले, दुसऱ्या वर्षी आणखी. तिसऱ्याला जाता आलं नाही, मुलांच्या भाषेत ‘वाय. डी.’ लागला. बापाने सावकाराकडून उचल घेऊन होस्टेलचे पैसे भरले होते. मुलगा वर्षभर घरी खोटं बोलत राहिला. कॉलेज सोडायचं ठरलं तेव्हा उरलेल्या फीसाठी मूळ कागदपत्रं अडवून ठेवली गेली; ती सोडवायला म्हैस विकली. आज तो मामाच्या कृषी केंद्रात हिशेब बघतो, मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. करतो, आणि त्यात त्याला उत्तम गती आहे. जीएसटीची विवरणपत्रं तो अख्ख्या बाजारपेठेची भरतो. आकड्यांच्या नोंदी जुळवण्यात त्याला आनंद आहे हे त्याला सातवीपासून ठाऊक होतं. दुकानाची वही तोच लिहायचा. कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही, कारण ब्याण्णव टक्केवाल्याने कॉमर्सला जायचं नसतं.

ज्याला दुसरा डाव नाही, त्यानेच पहिला डाव टाकण्याआधी पट नीट बघायला हवा. सधन घरातला मुलगा दोन वर्षं वाया घालवून दुसरीकडे प्रवेश घेऊ शकतो. टेम्पोवाल्याच्या मुलाची चूक म्हशीच्या किमतीला पडते. बघणं अर्जाच्या आधी केलं तर त्याला बसभाडं लागतं, वाचनालयाचं कार्ड लागतं, आणि लोकांना प्रश्न विचारायची हिंमत लागते. अर्जानंतर तेच बघायला चार सेमिस्टरची फी लागते. शिवाय अर्ज आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशफेऱ्यांत नियम आला की पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर ती जागा आपोआप पक्की. पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. सायबर कॅफेत बसून, शेजारच्या मुलाची यादी बघून भरलेला पहिला क्रमांक पुढची चार वर्षं ठरवतो.

बघणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं, नाहीतर वक्त्यांप्रमाणे मीही हवेत बोलते आहे असं होईल. मेळाव्यात उभ्या राहिलेल्या मुलीच्या आधी दोन वर्षं माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. तिच्या गावात विहिरीचं खोलीकरण चाललं होतं. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडांच्या पोकळ्यांत तिला पांढरे, हिरवट, काचेसारखे खडे सापडले. बिस्किटाच्या डब्यात भरून ती ते लॅबमध्ये घेऊन आली. ‘मॅडम, ह्यावर ॲसिड टाकून बघू का?’ टाकलं. एक खडा फसफसला, दुसऱ्यावर थेंब नुसता पडून राहिला. पहिला कॅल्साइट. दुसरा काय, ते मलाही नक्की सांगता येईना. पुस्तकात शोधलं, तेव्हा कळलं की आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधले झिओलाइट आणि त्यांच्याबरोबर मिळणारी खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जगात नावाजलेला आहे. तिने विचारलं, ‘याचा कोर्स असतो?’ बारावी सायन्सची हुशार मुलगी, आणि जिऑलॉजी नावाचा विषय कॉलेजात शिकवतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या शिक्षिकेनेही दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत तिने तीन गोष्टी केल्या. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. हे मी सगळ्यांना करायला सांगते, कारण पहिलं वर्ष सगळीकडे सोपं वाटतं. विषयाचं खरं तोंड तिसऱ्या वर्षी दिसतं. मग जिऑलॉजी शिकणाऱ्या एका मुलीला गाठून विचारलं, ‘तुझा मंगळवार कसा जातो?’ फिल्डवर हातोडी घेऊन उन्हात चालणं, मग खोलीत बसून दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. आणि तिसरं, वाचनालयातून पहिल्या वर्षाचं पुस्तक आणून पंधरा दिवस रोज तासभर वाचलं, कुठे कंटाळा आला तिथे पेन्सिलने फुली मारली. नकाशांच्या प्रकरणात फुल्याच फुल्या होत्या. खनिजांच्या रासायनिक रचनेत एकही नव्हती. तिने पहिल्या वर्षी केमिस्ट्री आणि जिऑलॉजी दोन्ही घेतले, आणि दुसऱ्या वर्षी मेजर केमिस्ट्री केलं. ‘आवडीच्या मागे धावा’ असल्या उपदेशातली ही गोष्ट नाही. तिने आवड तपासली, तिचा अर्धा भाग गळून पडला, आणि जे उरलं ते टिकलं.

अशा जागा आपल्या राज्यात भरपूर आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास त्या लोकांना बघायला खुल्या असतात, आसपासच्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात. आकाशाचा अभ्यास करणारी माणसं प्रत्यक्षात दिवसभर संगणकापुढे बसून आकडे निवडत असतात, हे तिथे मुलाला कळतं. कुणाला ते कळल्यावर हायसं वाटतं, कुणाचा उत्साह मावळतो, दोन्ही फायद्याचंच आहे. न्यायालयात कुणीही मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतं. एक दिवस ऐकलं की वकिली म्हणजे टीव्हीतली भाषणं नव्हेत, तारीख आणि कागद हे समजतं. काही विषयांना तर घाईच नाही. पुरातत्त्वाची ओढ असलेल्या मुलाला मी सांगते, डेक्कन कॉलेजात पदवीनंतरही पुरातत्त्व शिकता येतं, आधी कोणतीही पदवी मन लावून कर. तीन वर्षांच्या एलएल. बी. चंही तसंच.

एक गोष्ट मात्र वक्त्यांच्या बाजूने बोलते. ‘ठरलं नाही’ म्हणत दोन वर्षं मोबाइल बघत बसणारी मुलंही माझ्या वर्गात आहेत, आणि त्यांच्याशी माझं भांडण वक्त्यांपेक्षा मोठं आहे. तारखा कुणासाठी थांबत नाहीत. जेईईचा फॉर्म, आयसर आणि डिझाइनच्या वेगळ्या परीक्षा, बीबीए-बीसीएची २०२४ पासून लागू झालेली सीईटी, हे ज्याला वेळेवर माहीत नाही त्याची दारं खरोखर बंद होतात. न ठरलेल्या मुलाने ठरलेल्या मुलापेक्षा जास्त तारखा भिंतीवर लिहून ठेवायला हव्यात, कारण त्याचे रस्ते जास्त आहेत. न ठरवण्याचा हक्क मी मागते तो त्याने बघण्याचं काम करावं यासाठी.

त्या मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी ती उभी राहिलेली मुलगी आईला घेऊन लॅबमध्ये आली. आई म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही तरी हिला काहीतरी एक सांगा, म्हणजे सुटलो आम्ही.’ मी सांगितलं नाही. फॉर्मला सतरा दिवस होते. एका कागदावर तिने स्वतःच सहा विषय लिहिले. दोन नुसते नाव आवडलं म्हणून, एक काकाने सांगितलं म्हणून, तीन खरंच काहीतरी वाचून. काकाने सांगितलेलाही मी खोडू दिला नाही, बघ म्हटलं. समोर प्रत्येकासाठी एक माणूस लिहिला, जो ते काम रोज करतो: तालुका न्यायालयातली वकील, सहकारी बँकेतला हिशेबनीस, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. आईने विचारलं, ‘हे लोक हिच्याशी बोलतील का?’ मी फोन उचलून पहिल्या बाईंना लावला. त्यांनी मंगळवारी अकराला ये म्हणून सांगितलं.